शासकीय संग्रहालये आणि वस्तूंचे स्वामित्व : वाघनखांच्या निमित्ताने

प्रस्तावना :
राष्ट्रीय शासनाने निधी द्यावा आणि राष्ट्राचा ठेवा सर्वांसाठी खुला ठेवावा, ही संग्रहालयाची कल्पना अठराव्या शतकात युरोपात रुजली. ब्रिटिश संग्रहालय १७५३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. पॅरिस येथील लूव्र १७९३ मध्ये, राज्यक्रांतीच्या काळात, जनतेसाठी खुले झाले. अशा संग्रहालयातील वस्तू नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही. महाराष्ट्राला तो अलीकडे वाघनखांच्या निमित्ताने जाणवला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर व अभ्यासकीय बाजू थोडक्यात मांडली आहे.

भारतातील व्यवस्था :
भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संग्रहालयांची विभागणी केलेली आहे. संघसूचीतील ६२ व्या नोंदीत कोलकात्याचे भारतीय संग्रहालय व राष्ट्रीय महत्त्वाच्या अन्य संस्था येतात. राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या निधीवर चालणारी संग्रहालये राज्यसूचीतील १२ व्या नोंदीत येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन १५ ऑगस्ट १९४९ रोजी झाले. लंडनमधील भारतीय कलेच्या प्रदर्शनासाठी देशभरातून गोळा केलेल्या वस्तू परत आल्यावर त्यांतूनच या संग्रहालयाचा पाया घातला गेला. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा मार्ग वेगळा आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ उभारलेला खासगी संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अर्थात, कर्ज म्हणून आलेली वस्तू, दान म्हणून दिलेली वस्तू आणि परसत्तेच्या काळात देशाबाहेर गेलेली वस्तू या तिन्ही एकाच काचेच्या कपाटात शोभत असल्या, तरी त्यांच्या स्वामित्वाचा इतिहास एक नसतो.

वाघनखांचे उदाहरण :
लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय हे ब्रिटिश शासनाच्या निधीवर चालणारे राष्ट्रीय संग्रहालय होय. तेथील वाघनखांसंबंधी महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये करार केला. तीन वर्षांच्या मुदतीने ती जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली व प्रथम सातारा येथील शासकीय संग्रहालयात प्रदर्शित झाली. ही वाघनखे परत मिळालेली नाहीत, तर उसनी आणलेली आहेत, हा भेद महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या १९८३ च्या राष्ट्रीय वारसा अधिनियमानुसार या संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातील वस्तू मोजक्या अपवादांखेरीज कायमची देता येत नाही. उसनी देणे मात्र शक्य असते.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा आहे. वाघनखांसोबतच्या पेटीवरील मजकुरानुसार ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यास पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. परंतु तोच मजकूर शिवाजी महाराजांनी मारलेल्या सरदारास मोगल म्हणतो. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. त्या प्रसंगी वापरली गेलेली वाघनखे हीच, याचा पडताळा झालेला नाही, असे या संग्रहालयानेही नमूद केले आहे. म्हणजेच राष्ट्रीय संग्रहालयाचा शिक्का वस्तूला प्रतिष्ठा देतो, पुरावा देत नाही. पुरावा मिळतो तो वस्तूच्या हस्तांतराच्या अखंड नोंदींतून.

स्थानिक संदर्भ :
ही नोंद गावातच सुरू होते, म्हणून हा विषय निमगाव केतकीसारख्या गावापासून दूरचा नाही. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. जवळच इंदापूर येथे मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. अशा परिसरात देवळापुढील वीरगळ, वाड्यातील मोडी कागद, जुनी नाणी आणि पालखी सोहळ्याशी निगडित वस्तू ही इतिहासाची साधने ठरू शकतात. रस्तारुंदीकरणात वीरगळ हलला, किंवा वाटणीत दप्तर विखुरले, की वस्तू कदाचित उरते, पण तिचा संदर्भ संपतो.

कायद्याने काही आधार दिलेला आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

समारोप :
ग्रामीण महाविद्यालयाने स्वतःचे संग्रहालय उभारलेच पाहिजे असे नाही. वस्तू जेथे आहे तेथेच ठेवून तिचे छायाचित्र, माप, स्थान, मालकाचे कथन आणि नोंदीचा दिनांक विद्यार्थ्यांकरवी वहीत उतरवून घेणे इतिहास व मराठी विभागांना सहज शक्य आहे. मालकाची संमती मात्र आधी घ्यावी. उद्या ती वस्तू शासकीय संग्रहालयात गेली, तर ती कोठून आली याचे उत्तर त्या वहीत मिळेल. वाघनखांच्या बाबतीत उणीव भासते ती नेमकी अशाच एका नोंदीची.