आठवड्याची मोहीम, वर्षांचा उपचार
लेखमाला : शस्त्रक्रिया सर्वांपर्यंत (भाग ५)

गेल्या भागात आपण शस्त्रक्रियांच्या विषम वाटपाचे आकडे पाहिले. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०१५ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ५ अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. ही उणीव भरून काढायला श्रीमंत देशांतले डॉक्टर रजा काढून गरीब देशांत जातात, आठवडा-दोन आठवडे राबतात आणि परततात. अशी सेवा महाराष्ट्रानंही जवळून पाहिली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षं इथं येऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करत. या डॉक्टरांच्या तळमळीबद्दल शंका नाहीच. विचार करायचा आहे तो पथक परतल्यानंतरच्या दिवसांचा.

दुभंगलेल्या ओठाचंच उदाहरण घेऊ. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ओठ शिवतात. टाळू साधारण दीड वर्षाच्या आत बंद करावा लागतो, नाहीतर बोलणं गेंगाणं राहतं. काही मुलांच्या टाळूला नंतर छिद्र राहतं, म्हणजे पुन्हा भूल आणि पुन्हा टाके. मग स्पीच थेरपी. हिरडीत फट असेल तर सात ते अकराव्या वर्षांच्या दरम्यान हाडाचं कलम आणि दातांना तारा. मूल वयात येईपर्यंत चालणाऱ्या या उपचारातला एकच टप्पा आठवड्याच्या मोहिमेत उरकतो. बाकीच्यांसाठी त्याच गावाच्या आसपास माणसं हवीत. म्हणूनच १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’नं पथकं पाठवण्याऐवजी स्थानिक सर्जनना प्रशिक्षण आणि पैसा पुरवण्याची वाट धरली. हे सर्जन आपापल्या रुग्णालयात बारा महिने शस्त्रक्रिया करतात आणि मुलाला पुन्हा बोलावू शकतात.

शिकवणं किती दूरवर पोहोचू शकतं, हे इथिओपियात दिसतं. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये तीन वर्षांच्या करारावर अदिस अबाबाला आलं आणि तिथलंच झालं. अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या डोक्याचा दाब फार वेळ राहिला, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडतं. लघवी सतत गळत राहते आणि अनेक जणी घरादाराला पारख्या होतात. या स्त्रियांसाठी त्यांनी १९७४ मध्ये स्वतंत्र रुग्णालय उभारलं. मामितू गाशे ही शाळेचं तोंडही न पाहिलेली मुलगी त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आली होती. ती शस्त्रक्रियागृहात मदतीला उभी राहू लागली, हळूहळू हीच शस्त्रक्रिया शिकली आणि पुढं बाहेरून आलेल्या डॉक्टरांनाही शिकवू लागली. २००७ मध्ये संस्थेनं सुईणींचं महाविद्यालयही सुरू केलं, कारण बाळंतपण वेळीच सुटलं तर हे छिद्र पडतच नाही.

नेपाळमध्ये अडचण साहित्याची होती. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची आयात भिंगं गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. डॉ. सांदुक रुईत यांनी ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज यांच्या साथीनं काम उभं केलं. १९९४ मध्ये काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र सुरू झालं आणि तिथं भिंगांचा कारखानाही. शंभर डॉलरच्या घरातलं भिंग काही डॉलरवर आलं. रुईत यांनी महागड्या यंत्राशिवाय, टाके न घालता शस्त्रक्रिया करायची पद्धतही घोटून बसवली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिचे निकाल यंत्रानं केलेल्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे ठरले.

शिकलेले डॉक्टर परदेशी निघून जातील, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी १९९९ मध्ये स्वतःचं सर्जन महाविद्यालय स्थापन केलं. त्याचे विद्यार्थी आपापल्या देशांतल्या रुग्णालयांतच काम करत शिकतात. या भागात शिकलेल्या सर्जनांच्या पाहणीत सुमारे ८५ टक्के जण जिथं शिकले त्याच देशात टिकून असल्याचं आढळलं.

तेव्हा मोहिमेला देणगी देणाऱ्यांनी आणि तीत जाणाऱ्या डॉक्टरांनी काही गोष्टी आधीच विचाराव्यात. बोलावणं स्थानिक रुग्णालयाकडून आलं आहे का? तिसऱ्या दिवशी जखमेतून रक्त आलं तर कोण धावेल? गुंतागुंतीची नोंद कोण ठेवतं? सोबत नेलेलं भूल देण्याचं यंत्र तिथल्या विजेवर चालेल का, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्त करणारा तंत्रज्ञ जवळपास आहे का? भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांना शिकवण्यासाठी वेळ राखून ठेवला आहे का? दरवर्षी नवा देश गाठण्यापेक्षा त्याच रुग्णालयात पुन्हा पुन्हा जावं, आणि दर फेरीत सुरी जास्तीत जास्त वेळ स्थानिक सर्जनच्या हाती असावी. त्यामुळे पहिल्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या कमी भरेल. देणगीदारांनी ती कमी संख्या आनंदानं मान्य करावी, कारण त्या रुग्णालयात पुढची कित्येक वर्षं होणाऱ्या शस्त्रक्रिया तिच्यातूनच उभ्या राहणार आहेत.

(पुढील भागात : भूलतज्ज्ञांचा तुटवडा)