आंब्याच्या गाडीतून कारगिलला

मे संपला की आमची पिकअप रिकामी होते. हापूसच्या पेट्या वाहून हौद्यात मुरलेला पेंढ्याचा वास मात्र पाऊस लागेपर्यंत जात नाही. यंदा तिच्यावर ताडपत्रीची कमान चढवली, गाद्या घातल्या आणि जूनच्या सुरुवातीला रत्नागिरीहून निघालो. गाडी दुहेरी केबिनची, त्यामुळे प्रवासात चौघेही केबिनमध्ये. मुक्कामाला फाळका उघडून त्यावर फळी टाकली की अम्मी आणि आमची नऊ वर्षांची लेक मागे पाय पसरून झोपत; आम्ही दोघे केबिनमध्ये सीट पाडून. स्टोव्ह कायम बाहेर. थंडी कितीही असो, बंद ताडपत्रीखाली स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नये, झोपेतच माणूस गुदमरतो.

अम्मींना लेह पाहायचे होते. मनालीच्या रस्त्याने गेले तर बरेच जण सरचूला मुक्काम करतात, ते ४,२०० मीटरच्याही वर. श्रीनगर-कारगिलचा रस्ता त्या मानाने सौम्य, म्हणून तो निवडला. एवढी अक्कल होती, पण ती अर्धीच वापरली. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर. तिथून सकाळी निघून सोनमर्गला नुसता चहा घेतला, झोजिला ओलांडला आणि संध्याकाळी द्रासला, सुमारे ३,३०० मीटरवर, गाडी लावली. एका दिवसात झोपण्याची जागा दुपटीहून उंच!

रात्री अम्मींचे डोके ठणकू लागले. खिचडीला त्यांनी हात लावला नाही, मग दोनदा उलटी. "प्रवासाचा शीण आहे, सकाळपर्यंत उतरेल," अम्मी म्हणाल्या आणि आम्हालाही तेच ऐकायचे होते. फोन करावा तर आमची प्रीपेड सिम काश्मीरमध्ये शिरल्यापासून मुकी. (पोस्टपेड चालते, हे घरून निघण्याआधी कळायला हवे होते.) शेवटी शेजारच्या ढाब्यावरचे चाचा दिवा घेऊन आले. त्यांनी अम्मींकडे एकदाच पाहिले. "इथे झोपवू नका. कारगिल खाली आहे, आत्ता निघा."

पुढे जाणे म्हणजे आणखी वर जाणे, असेच आम्ही धरून चाललो होतो. पण द्रासहून रस्ता नदीच्या काठाने उतरत जातो आणि साठेक किलोमीटरवरचे कारगिल २,७०० मीटरच्या आतबाहेर आहे. अंधारात गाडी हळूहळू हाकली. लेक दर वळणाला विचारायची, "दादी, जागी आहेस ना?" पहाटे इस्पितळात अम्मींना ऑक्सिजन लावला. दुपारी त्यांनी स्वतःहून चहा मागितला. अल्हम्दुलिल्लाह.

डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त चढवू नये; डोके दुखत असताना आणखी वर जाऊ नये; आणि त्रास वाढला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

लेह आम्ही सोडले. मध्ये ४,१०० मीटरचा फोतुला आणि पलीकडे मुक्काम पुन्हा ३,५०० मीटरवर. अम्मी रुसल्या. "माझ्यामुळे मुलीचं लेह बुडालं," हे त्या अजूनही ऐकवतात. सुरू नदीच्या काठी चार दिवस राहिलो. नमाजला उभे राहताना नवल वाटे: कोकणात किबला पश्चिमेच्या जरा उजवीकडे, इथे जरा डावीकडे. लेकीने वाळक्या जर्दाळूंच्या बिया फोडून गर खाण्याचा सपाटा लावला.

परतताना द्रास आणि झोजिला दिवसाउजेडी, न रेंगाळता ओलांडले. सोनमर्गला मात्र मुक्काम केला. अम्मींनी हौद्यात पाठ टेकली आणि म्हणाल्या, "पेंढ्याचा वास अजून आहे हो."