रात्री डॉक्टर असतो का?

बेंगळुरूत दारू सोडवण्यासाठी केंद्र निवडताना खोल्या नि बाग मागाहून बघाव्यात. रात्री डॉक्टर असतो का, हे आधी विचारावं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, जिवावर बेतणारा डेलिरियम (तीव्र मानसिक गोंधळ). म्हणून लोराझेपामसारखं औषध देऊन त्याचा डोस हळूहळू कमी करतात, ग्लुकोजआधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) टोचतात. ‘घरी कोंडलं की सुटते’ हा हट्ट इथेच धोक्याचा. त्रास सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी राहून भागतं, हे खरं. पण पूर्वी फिट आलेल्याला दाखलच करावं. खर्चाचं म्हणाल, तर होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा व्यसनोपचार विभाग सरकारी आहे. खासगी केंद्राकडे मात्र 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालची नोंदणी बेधडक मागावी, आणि घरी परतल्यावर औषध-समुपदेशन कोण बघणार तेही दाखल करतानाच विचारावं.