‘फ्रेंझी’मधला जिना

‘फ्रेंझी’ १९७२ साली पडद्यावर आला तेव्हा आल्फ्रेड हिचकॉक ७२ वर्षांचा होता आणि त्याचा काळ संपला, असे अनेक समीक्षकांनी ठरवून टाकले होते. त्याआधीचे ‘टॉर्न कर्टन’ (१९६६) आणि ‘टोपाझ’ (१९६९) हे दोन्ही हेरपट रेंगाळलेले; ‘टोपाझ’चा तर शेवटही एकदा चित्रित करून भागला नव्हता. १३ ऑगस्टला हिचकॉकची जयंती आली की उजळणी होते ती ‘सायको’ आणि ‘व्हर्टिगो’ची. पण उतरणीला लागलेला मोठा दिग्दर्शक स्वतःला कसा सावरतो, आणि कुठवर सावरू शकतो, हे ‘फ्रेंझी’इतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

त्यासाठी तो मायदेशी गेला. ‘स्टेज फ्राइट’नंतर (१९५०) पूर्णपणे ब्रिटनमध्ये केलेला हा त्याचा पहिलाच चित्रपट. कथा घडते लंडनच्या कव्हेंट गार्डन या भाजीबाजारात. हिचकॉकचे वडील भाजीविक्रेते होते, त्यामुळे पोती, पेट्या आणि हमालांची ये-जा तो घरच्या माणसासारखी टिपतो. १९७४ मध्ये हा बाजार तिथून हलला. त्याचे शेवटचे दिवस या चित्रपटात टिकून राहिले आहेत. बायकांचे टायने गळे आवळणारा खुनी म्हणजे इथलाच हसतमुख फळव्यापारी बॉब रस्क. संशय मात्र त्याचा मित्र रिचर्ड ब्लेनी याच्यावर येतो. पटकथा अँथनी शॅफरची.

चित्रपटात रस्कच्या हातून होणारे दोन खून शेजारी ठेवून पाहावेत. पहिला, ब्लेनीच्या घटस्फोटित पत्नीचा, बलात्कारासह दाखवला आहे आणि कॅमेरा शेवटपर्यंत तिथून हलत नाही. अमेरिकेतली जुनी निर्मितीसंहिता १९६८ मध्ये गेली होती. मिळालेली मोकळीक हिचकॉकने इथे पुरेपूर वापरली. परिणाम बधिर करणारा आहे, पण हे दृश्य त्या काळात इतर कोणीही चित्रित करू शकले असते.

दुसरा खून फक्त त्यालाच सुचावा असा. रस्क ब्लेनीची मैत्रीण बॅब्ज हिला आपल्या खोलीकडे घेऊन जातो, कॅमेरा त्यांच्यामागून जिना चढतो. दार बंद होते. कॅमेरा थबकतो आणि तोंड न वळवता, आवाज न करता, मागे मागे जिना उतरू लागतो. तो रस्त्यावर येताच बाजाराचा गलका पुन्हा कानावर पडतो. आता तिने किंकाळी फोडली तरी कोणाला ऐकू जाणार नाही. स्टुडिओतला जिना आणि खरा रस्ता यांचा सांधा एक पोतेवाला हमाल कॅमेऱ्यासमोरून जातो तेव्हा लपवला आहे. रक्ताचा थेंब नाही, तरी उभ्या चित्रपटात याहून भयंकर काही नाही.

पुढचा बटाट्यांच्या ट्रकचा प्रसंगही असाच अस्सल. बॅब्जचे प्रेत पोत्यात कोंबल्यावर आपली टायपिन तिच्याच मुठीत राहिल्याचे रस्कच्या लक्षात येते. तो ट्रकमध्ये शिरतो आणि ट्रक चालू लागतो. मग तो आखडलेली बोटे मोडून पिन सोडवत असताना प्रेक्षक नकळत खुन्याचीच काळजी करू लागतो. नंतर इन्स्पेक्टर ऑक्सफर्ड हीच हकीकत जेवणाच्या टेबलावर सांगतो, तेव्हा त्याची बायको कडक ब्रेडस्टिक कटकन मोडते.

उणीव आहे ती नायकात. जॉन फिंचचा ब्लेनी चिडका, कटू आणि स्वतःतच गुरफटलेला. निरपराध माणूस अडकल्याची तळमळ ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये प्रत्येक पावलाला जाणवते, इथे ती लागतच नाही. त्याउलट बॅरी फॉस्टरचा रस्क इतका मोहक आहे की चित्रपटाचा तोल त्याच्याकडे झुकतो. पबमध्ये दोन सभ्य गृहस्थ बलात्कारावर विनोद करतात, तो प्रसंग आज ऐकवत नाही. मूळ कादंबरीचा लेखक आर्थर ला बर्न याने तर ‘द टाइम्स’ला पत्र लिहून चित्रपटावर नाराजी व्यक्त केली होती.

तरीही कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवलेल्या या चित्रपटाचे जोरदार स्वागत झाले आणि प्रेक्षकांनीही तो उचलून धरला. यानंतर हिचकॉकने एकच चित्रपट पूर्ण केला, ‘फॅमिली प्लॉट’ (१९७६). तो खेळकर आहे, पण जिन्याच्या त्या दृश्याच्या तोडीचे त्यात काही नाही.