दिवसाला 55 थाळ्या आणि जीएसटी: हाटेलातल्या फोनपेमुळे नेमकं काय बदललं?

हुलसूर : चहा दहा रुपयांचा, पण पैसे फोनवरूनच. हुलसूर, भालकी, बसवकल्याण या भागात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. मिरची-भज्याच्या गाड्यापासून पिठलं-भाकरीच्या खानावळीपर्यंत काउंटरवर क्यूआर कोडची पाटी असते. शेजारी पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबाही असतो. सीमेपलीकडे निलंगा, उमरग्याकडे गेलं तरी चित्र हेच. अॅप कुठल्याही कंपनीचं असो, बोलताना सगळे 'फोनपे करतो' असंच म्हणतात.

जुलै 2025 मध्ये मात्र याच पाट्यांवरून कर्नाटकात खळबळ उडाली. बेंगळुरूतल्या अनेक छोट्या दुकानदारांनी क्यूआर कोड काढून 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद चिकटवले. वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा हे त्याचं कारण. तेव्हापासून छोट्या हाटेलवाल्यांच्या मनात एक प्रश्न घुटमळतो आहे : फोनपे ठेवावं की काढावं? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी नोटिसांचं प्रकरण काय होतं ते पाहावं लागेल.

नोटिसा कशावरून निघाल्या?

यूपीआय सुरू झालं 2016 साली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि लोकांना नाइलाजाने त्याची सवय लागली. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून बँक घेत असलेलं शुल्कही शून्य झालं. दहा रुपयांच्या चहाचे पैसे पूर्णच्या पूर्ण दहा मिळू लागले. कोरोनाच्या काळात नोट हातात घ्यायला लोक कचरू लागले आणि उरलंसुरलं काम तिथे झालं. ऑगस्ट 2025 मध्ये देशभरात एका महिन्यातले यूपीआय व्यवहार 2,000 कोटींच्या वर गेले.

यातला प्रत्येक व्यवहार नोंदला जातो. कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआय सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून 2021-22 ते 2024-25 या चार वर्षांची माहिती मागवली. ज्यांच्या खात्यात नोंदणीच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम आली, पण ज्यांच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, अशांना नोटिसा गेल्या. हावेरीतल्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या सुमारे 1 कोटी 63 लाखांच्या यूपीआय व्यवहारांवरून 29 लाखांची नोटीस आली, तेव्हा राज्यभर गाजावाजा झाला. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. मग कर कसला, हा लोकांचा सवाल रास्त होता.

व्यापारी संघटनांनी 25 जुलैच्या बंदची हाक दिली. त्याआधी 23 जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्यांची बैठक घेतली. जुनी बाकी वसूल करणार नाही, मात्र मर्यादा ओलांडणाऱ्यांनी नोंदणी करून घ्यावी, असं सांगितल्यावर वाद निवळला. भाजी, दूध असा फक्त करमुक्त माल विकणाऱ्यांना मोकळं केलं गेलं. हाटेलवाला मात्र त्या गटात बसत नाही. भाजी करमुक्त असली तरी तिची उसळ करून ताटात वाढली की कायद्याने ती सेवा होते आणि सेवेवर कर आहे.

55 थाळ्यांचा हिशोब

नोंदणीची मर्यादा दोन प्रकारची आहे. फक्त माल विकणाऱ्याला, म्हणजे किराणा, कापड, फरसाणवाल्याला, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत सूट आहे. शेजारच्या तेलंगणात मालासाठीही 20 लाखच. हाटेल, खानावळ, चहाचं दुकान सेवेत मोडतं, त्यामुळे तिन्ही राज्यांत 20 लाख. आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात 40 चा आकडा बसलेला आहे. घोळ तिथूनच सुरू होतो.

20 लाख मोठे वाटतात. पण 365 दिवसांनी भागा, दिवसाला साधारण 5,480 रुपये होतात. थाळी शंभराला धरली तर 55 थाळ्या. नुसता चहा दहा रुपयांनी विकला तर 548 कप. ही विक्री आहे, नफा नव्हे. ज्वारी, तेल, गॅस, भाडं, पोरांचा पगार सगळं यातूनच जातं. नाक्यावरची बऱ्यापैकी चालणारी खानावळ या आकड्याला सहज पोहोचते आणि मालकाला पत्ताही नसतो, कारण रोज संध्याकाळी गल्ल्यातलं मोजून घरी जायचं, वर्षाची बेरीज कुणी करत नव्हतं. ती बेरीज आता बँकेचं स्टेटमेंट करतं.

पण स्टेटमेंटला सगळं कळतं असंही नाही. गिऱ्हाइकाने जेवणाचे शंभर दिले, पाहुण्याने हातउसने दहा हजार पाठवले, एखाद्याने 'तुम्हाला पाचशे फोनपे करतो, मला कॅश द्या' म्हणून पैसे टाकले, मुलाने पुण्याहून घरखर्चाला पाठवले, हे सगळं एकाच खात्यात पडतं. यादीत सगळं 'जमा' म्हणूनच दिसतं. एटीएम बंद असलं की गावातलं हाटेलच एटीएम होतं. त्या पाचशेवर हाटेलवाल्याची कमाई शून्य, उलाढालीत मात्र भर. विक्रीसाठी वेगळं चालू खातं आणि त्याचाच क्यूआर, घरचे पैसे दुसऱ्या खात्यात, एवढं केलं तरी नोटिशीला उत्तर देणं निम्मं सोपं होतं. बाकीच्यासाठी वही. कॅश देऊन घेतलेला फोनपे तारखेसह लिहून ठेवायला मिनिटही लागत नाही.

कंपोझिशन स्वस्त असतं का?

20 लाख ओलांडल्यावर दोन वाटा आहेत. साध्या नोंदणीत हाटेल बिलावर 5 टक्के लावतं आणि ते गिऱ्हाइकाकडून घेतं. खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. दुसरी वाट कंपोझिशनची, दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी. तिथेही हाटेलला दर 5 टक्केच. कापड-किराण्यातले दुकानदार कंपोझिशनला एक टक्का भरतात, ते ऐकून हाटेलवालाही 'कंपोझिशन स्वस्त' म्हणून तिकडे जातो. त्याच्यासाठी दर स्वस्त नाही, कागदपत्रं कमी आहेत : कर तिमाहीला आणि विवरण वर्षातून एक.

शिवाय कंपोझिशनमधला कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. 25 लाखांच्या विक्रीवर सव्वा लाख खिशातून जातात. म्हणजे शंभराची थाळी 105 करा किंवा तेवढा नफा सोडा. ज्या गावात शेजारचा नोंदणी न केलेला खानावळवाला शंभरालाच देतो, तिथे पाच रुपयेही जड जातात. छोट्या माणसाची खरी अडचण ही आहे आणि रोख घेऊन ती सुटत नाही. मर्यादा एकूण विक्रीवर आहे, फोनपेवरच्या विक्रीवर नाही. रोख विक्री मोजायला कठीण असते इतकंच.

उलट आयकरात फोनपेवाल्याला सवलत आहे. छोट्या धंद्याला अंदाजी नफ्याची सोय आहे, त्यात रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, तर बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के. 20 लाखांवर 1 लाख 60 हजारांऐवजी 1 लाख 20 हजार. शिवाय बँकेत कर्ज मागायला गेल्यावर स्टेटमेंट दाखवता येतं.

सीमेच्या दोन्ही बाजूंनी

आपल्या भागातला नेहमीचा प्रश्न : कंपोझिशनवाल्याला परराज्यात विक्री करता येत नाही, मग निलंग्याचा माणूस हुलसुरात जेवला तर? काही बिघडत नाही. जेवण जिथे वाढलं तिथली विक्री, गिऱ्हाइक कुठलंही असो. अडचण दुसरीकडे आहे. एकाच माणसाचं एक हाटेल बसवकल्याणला आणि दुसरं उमरग्याला असेल तर दोन्हींची उलाढाल एकाच पॅनवर देशभराची म्हणून मोजली जाते. इकडे 12 लाख, तिकडे 11 लाख म्हणजे मर्यादा ओलांडली. नोंदणी दोन्ही राज्यांत वेगवेगळी आणि कंपोझिशन घ्यायचं तर दोन्हीकडे.

अॅपवरच्या ऑर्डरींचंही असंच आहे. कलबुर्गी, सोलापूरसारख्या शहरांत झोमॅटो-स्विगीवरून जेवण मागवलं तर 1 जानेवारी 2022 पासून त्यावरचा 5 टक्के जीएसटी अॅप कंपनीच भरते. पण ती विक्री हाटेलच्या उलाढालीत धरली जाते. तालुक्याच्या गावी अजून व्हॉट्सअॅपच चालतं : 'चार भाकऱ्या, दोन शेंगा चटणी पार्सल, साडेसातला येतो.' या साध्या निरोपातूनही धंदा वाढतो. कलबुर्गीत बायकांच्या सहकारी संस्थेने ज्वारीच्या रोट्यांचा ब्रँड केला. रोज तीन हजारांवर रोट्या होतात, ऑनलाइन ऑर्डरी येतात. जून 2025 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही त्याचा उल्लेख केला होता.

गिऱ्हाइकाने काय पाहावं?

हमरस्त्यावरच्या मोठ्या हाटेलांत मेन्यूकार्डाच्या जागी क्यूआर आला आहे. स्कॅन केलं की यादी इंग्रजीत नाही तर कन्नडमध्ये उघडते. मराठी शाळेत शिकलेले आजोबा फोन बाजूला ठेवून वेटरलाच विचारतात, 'काय काय हाय बाबा?' तेच बरं. यादीत 'आज भाकरी गरम आहे का' हे लिहिलेलं नसतं.

याच वेटरचं एक नुकसान मात्र कुणी मोजत नाही. रोखीच्या काळात सुटे पाच-दहा रुपये बशीत राहायचे, ते त्याचे. आता 187 चं बिल म्हणजे बरोब्बर 187 फोनपे होतात. वर टाकले तरी ते मालकाच्या खात्यात जातात. काही गिऱ्हाइकं त्यासाठी खिशात दहाची नोट ठेवतात.

पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचावं. 30 जून 2025 पासून अॅपवर पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसायला हवं, असा नियम आहे. पाटीवर दुसराच स्टिकर चिकटवला असेल तर तिथे कळतं. नुसता स्क्रीनशॉट पाहून मालकाने पार्सल देऊ नये, खात्यात जमा झालं की नाही ते पाहावं.

आणि बिल मागावं. बिलावर कर वेगळा लावला असेल तर जीएसटी क्रमांक असायलाच हवा. कंपोझिशनवाल्याला बिलावर तसं लिहावं लागतं आणि त्याने वेगळा कर लावला तर देऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून रोटी-चपाती करमुक्त झाली, ती फक्त दुकानातून विकत घेतली तर. हाटेलात ताटात आलेल्या रोटीवर 5 टक्के अजूनही आहेत, तेव्हा त्यावरून काउंटरवर भांडून उपयोग नाही.