पावसाळी डोंगर पाहायचा तो थंडीत

लोअर परळच्या ऑफिसांमध्ये जून संपता संपता महाबळेश्वरचे बेत शिजू लागतात. पुष्कळ जण जातातही. भिजतात, भाजलेलं कणीस खातात, आर्थर सीटच्या कठड्याला टेकून समोरच्या पांढऱ्याफटक धुक्याचे फोटो काढतात आणि दरी न बघताच परततात. याच भागातल्या उरल्यासुरल्या चाळींत जावळी, पाटण, महाबळेश्वरकडची जुनी गिरणी कामगार कुटुंबं आहेत. त्यांना पावसाळ्यातलं गाव विचारा; वर्णनात जळवा आणि दरड कोसळून बंद पडलेला घाट आधी येईल.

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ अडीच पट. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतं, थंड होतं आणि तिथेच रितं होतं. १९ किलोमीटर पूर्वेला पाचगणीत पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणी घाट उतरून वाईत गेलं की त्याहूनही कमी. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवसांत तिथे सहलीला जाण्यात मौज कसली? मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांनी उन्हाळ्यासाठी हे ठिकाण निवडलं, पण तेही मृग बरसायच्या सुमारास गाशा गुंडाळून पुण्याला उतरत.

थंडीत हाच डोंगर दिसू लागतो. डिसेंबर-जानेवारीत वारा जमिनीकडून वाहतो, तो कोरडा असतो. सकाळी दरीत धुकं भरलेलं असलं तरी ऊन चढलं की ते विरतं आणि सावित्रीचं खोरं थेट कोकणापर्यंत उघडं पडतं. प्रतापगड, मकरंदगड, हवा साथ देत असेल तर तोरणाही. दुपारनंतर धूसरपणा वाढतो, त्यामुळे मुंबई पॉइंटच्या सूर्यास्तासाठी गर्दीत ताटकळण्यापेक्षा सकाळीच एल्फिन्स्टन पॉइंट गाठलेला बरा. परळच्या शेजारच्या स्टेशनावरून २०१८ साली उतरलेलं हे नाव इथे अजून टिकून आहे!

खरी गंमत मात्र वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात. बाजारपेठेत स्वेटरवर भागतं, पण दोन-तीन किलोमीटरवरच्या या भागात पहाटे दव गोठतं. कारण साधं आहे. आकाश निरभ्र असलं की जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते, आणि थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. मग गाड्यांच्या टपांवर, तलावाच्या जेट्टीवर, गवतावर मिठासारखा पांढरा थर दिसतो. पर्यटक तो बोटाने खरवडून बघतात. शेतकऱ्याचा जीव मात्र खालीवर होतो, कारण तेच हिमकण स्ट्रॉबेरीच्या पानांवर बसले की पानं करपतात. म्हणून कडाक्याच्या रात्री गादीवाफ्यांवर आच्छादन घालतात. ऊन वर आलं की हा खेळ संपतो. उशिरा उठणाऱ्याला फक्त ओलं गवत दिसतं.

स्ट्रॉबेरीसुद्धा थंडीचीच. पाऊस ओसरल्यावर रोपं लागतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून फळ सुरू होतं. त्यातल्या एका वाणाचं नावच ‘विंटर डॉन’. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. हॉटेलातल्या क्रीमच्या ग्लासात ती बुडवण्याआधी एखाद्या मळ्यात शेतकऱ्याला विचारून वाफ्यावरची खाऊन पाहावी. देठापर्यंत लाल झालेलं फळ दादरच्या बाजारात क्वचितच पोचतं, कारण तेवढं पिकलेलं फळ प्रवासात टिकत नाही.

एखादा दिवस हाताशी असेल तर पाचगणीच्या वाटेवरचं भिलार आहे. २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत कपाटं आहेत आणि ओसरीवर बसून वाचायला कोणी हरकत घेत नाही. पावसात तिथे खिडक्या उघडायची सोय नसते, थंडीत उन्हाला पाठ देऊन कादंबरी संपवता येते.

पायात बळ असलेल्यांनी मात्र बामणोली गाठावी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीने पलीकडे जायचं आणि दाट जंगलातून वासोटा किल्ला चढायचा. पावसाळ्यात ही वाट बंदच असते.

नाताळचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे दर दुप्पट होतात. जानेवारीच्या मधल्या वारी जावं, टोपी-मफलर न लाजता घ्यावं. वासोट्याचा बेत असेल तर वनखात्याची परवानगी लागते, ती बामणोलीत मिळते. बोट परतीची आहे हे लक्षात ठेवून चढाई सकाळीच सुरू करावी.