लष्करी रुग्णनोंदी संगणकावर : खर्च आणि मुदतीचे गैरसमज

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात भरती झालेल्या जवानाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. उपचार कधी बेंगळुरूच्या कमांड हॉस्पिटलात, कधी पुण्यात. त्यामुळे त्याची नोंद त्याच्याआधी तिथे पोहोचलेली असायला हवी. अशी यंत्रणा उभारायला खर्च आणि वेळ किती लागतो, याविषयी आयटीनगरी बेंगळुरूतही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : सॉफ्टवेअरची किंमत हाच खर्च.
वस्तुस्थिती : अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०१८ मध्ये सर्नर कंपनीशी १० वर्षांसाठी १० अब्ज डॉलरचा करार केला. तेव्हा याच कंपनीचं मोठं कार्यालय बेंगळुरूत होतं. २०२२ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी देखभालीसह २८ वर्षांचा हिशेब मांडला, तो सुमारे ५० अब्जांवर गेला. रुग्णालयांतली वायरिंग, वीज, वातानुकूलन यांचा खर्च अंदाजात नीट धरला नव्हता, असा ठपका २०२१ मध्येच या विभागाच्या महानिरीक्षकांनी ठेवला होता.

गैरसमज : जुन्या नोंदी आपोआप नव्या यंत्रणेत जातात.
वस्तुस्थिती : जुन्या कागदावर डॉक्टरांनी समासात ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं लिहिलेलं असतं. ते ॲलर्जीच्या रकान्यात भरलं नाही, तर संगणक धोक्याचा इशारा देणार नाही. जवानाची मेडिकल कॅटेगरी, मेडिकल बोर्डाचे निर्णय, सगळंच माणसाने तपासावं लागतं. हे मनुष्यबळ अंदाजात धरलंच पाहिजे.

गैरसमज : एका ठिकाणी जमलं की बाकीचं झरझर होतं.
वस्तुस्थिती : अमेरिकी संरक्षण विभागाने २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या चार ठिकाणी अशी यंत्रणा बसवायला सुरुवात केली. त्रुटी दिसल्या, त्या दुरुस्त करून पुढच्या ठिकाणांचं काम २०१९ मध्ये सुरू झालं. सगळं काम मार्च २०२४ मध्ये पूर्ण झालं.

गैरसमज : काम थांबवणं म्हणजे अपयश.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या स्पोकेनच्या माजी सैनिक रुग्णालयात नवी यंत्रणा आल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ११,००० हून अधिक तपासण्या आणि सूचना कुणालाही न दिसणाऱ्या रांगेत अडकल्या. किमान १४९ रुग्णांना त्याची झळ बसली. २०२३ मध्ये माजी सैनिक विभागाने पुढच्या रुग्णालयांतलं काम थांबवलं, ते योग्यच झालं.

म्हणून अंदाज मांडणाऱ्यांनी एकच आकडा देऊ नये. कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, कोणत्या गृहीतकांवर, हे लिहून द्यावं आणि पहिल्या रुग्णालयाच्या अनुभवानंतर ते नव्याने तपासावं. प्रशिक्षणाचे दिवस आणि त्या काळात वॉर्डात लागणारे जादा हात त्यातून कधीही कापू नयेत.